पाहुण्याच्या घशातली पेज

बाईच्या तोंडात पेज आली. भुलीचं औषध नसेत गेलं होतं, अंग सैल पाडणारं औषधही गेलं होतं. म्हणजे ती आता स्वतःहून श्वास घेणार नव्हती, तिच्या श्वासनळीत नळी घालून हवा द्यायची होती. शिकाऊ डॉक्टरीण दिव्याचं पातं घेऊन घशात वाकली, आणि नळीची वाट दिसायच्या जागी तिला उकड्या तांदळाची पेज दिसली. शितांसकट. ओठांच्या कडेने ती उशीवर ओघळत होती.

मोठे डॉक्टर तिच्या शेजारीच उभे होते. "डोकं खाली करा," एवढंच म्हणाले. मी टेबलाची कळ फिरवली. डोकं खाली झालं. बाईच्या बोटाला लावलेल्या चिमट्याचा आवाज उतरायला लागला. प्राणवायू कमी झाला की तो आवाज जाड होत जातो, हे मला तीन वर्षांत ऐकून ऐकून ठाऊक झालं होतं. तिचे ओठ काळसर पडले.

मी ऑपरेशनच्या खोलीतली मावशी. शाळा चौथीपर्यंत. रेल्वे सुरू झाल्यावर कुडाळला उतरून शिकाऊ डॉक्टर आमच्या रुग्णालयात यायला लागले, भूल द्यायला शिकायला. मोठे डॉक्टर मोठ्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं एकच होतं, जिवंत माणसाच्या घशात हात घालण्याआधी तोच हात शंभर वेळा खोट्या घशात गेला पाहिजे. त्यासाठी त्यांनी छातीपर्यंतचा एक रबरी माणूस आणला. आम्ही त्याला पाहुणा म्हणायचो, कारण तो आला आणि गेलाच नाही. गळ्याला बाहेरून भोक पाडून श्वास द्यायचं शिकायला बकऱ्याची श्वासनळी लागायची. ती खाटकाकडून आणायची मी.

"काय गो मावशे, आज नळीचो रस्सो?" खाटीक विचारायचा.

"गप रव. नायतर तुझी नळी न्हेतंय," मी म्हणायचे.

पाहुणा धुणं, पुसणं, खोक्यात निजवणं हेही माझंच काम. एकदा उलटी झालेल्या रोग्याचा धडा होता. मोठ्या डॉक्टरांनी पाहुण्याच्या तोंडात लाल रंगाचं पाणी ओतलं. शिकाऊ मुलांनी तोंडातलं ओढून घेणाऱ्या यंत्राच्या बारीक नळीने ते सुर्रकन ओढून घेतलं आणि आत श्वासाची नळी घातली. सगळे खूश. मला राहवलं नाही.

"डॉक्टर, आमची माणसां सरबत ओकणत नाय. पेज ओकतत."

मुलं हसली. दुसऱ्या दिवशी मी डब्यातून पेज नेली आणि पाहुण्याच्या घशात ओतली. बारीक नळी दोन शितांतच तुंबली. यंत्र नुसतं घुरघुरत राहिलं. मोठे डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, "आता प्रत्येकाने पेजेत करायचं." बारीक नळी काढून टाकायची आणि यंत्राची जाड नळीच सरळ तोंडात घालायची, हे त्या दिवशी ठरलं. ही शिकाऊ डॉक्टरीण घाटावरची होती. तिला सात वेळा जमलं नाही. केसांत शितं, डोळ्यांत पाणी.

"रडतंस कित्याक गो? ह्यो मरणारो न्हय, रबरी आसा," मी म्हटलं. आठव्यांदा जमलं. त्यानंतर पाहुणा धुवायला मला तासभर लागला आणि मी सगळ्यांना शिव्या घातल्या.

हे सगळं करून घेणारी मी. आणि त्या दिवशी चूक माझीच होती.

बाई तारकर्लीची, मासे विकणारी. पोटात गाठ होती, ऑपरेशन आधीपासून ठरलेलं, घाई कसलीच नव्हती. रोग्याला उपाशी आहेस का हे विचारायचं काम माझ्याकडे दिलेलं, कारण डॉक्टरांच्या मराठीला आमच्या बायका मान हलवतात आणि गप्प बसतात. मी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस काय गो?" ती म्हणाली, "कायएक नाय." मी तसं सांगून मोकळी झाले. आमच्याकडे पहाटेची पेज खाण्यात कोणी धरत नाही. माझ्या घरीही नाही. पाहुण्याला पेज पाजणाऱ्या मला बाईला पेजेचं नाव घेऊन विचारायचं सुचलं नाही.

चिमट्याचा आवाज आणखी उतरला. डॉक्टरणीने बारीक नळीला हातच लावला नाही. ती उपटून खाली टाकली, जाड नळी तोंडात घातली, बाईचं तोंड एका कुशीला वळवलं. यंत्राच्या बाटलीत पेज पडायला लागली. मोठ्या डॉक्टरांचे हात पुढे आले होते. ते तसेच थांबले. तिने पुन्हा पातं घातलं, पाहिलं, श्वासाची नळी सरकवली, ती घट्ट बसावी म्हणून तिच्या टोकाचा फुगा फुगवला. मग त्या नळीतूनही आत गेलेलं ओढून काढलं. छाती वर आली. आवाज बारीक व्हायला वेळ लागला, पण झाला.

ऑपरेशन त्या दिवशी केलं नाही. बाहेर सासू बसली होती. मोठ्या डॉक्टरांनी विचारल्यावर ती माझ्यावरच उखडली.

"सुनेक रिकाम्या पोटान कापूक धाडूचा? वाटीभर पेज दिलंय. ता काय जेवाण झाला?"

मोठे डॉक्टर वळले. "उपाशी आहे म्हणून कोणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं. "पेजेचं विचारलं नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "उद्यापासून नाव घेऊन विचार. पेज, चहा, पान, सगळं," म्हणाले आणि आत गेले.

बाईच्या उजव्या फुप्फुसात पेजेचं पाणी उतरलं होतं. ताप चढला. दोन दिवस यंत्र तिला श्वास देत होतं. डॉक्टरीण खुर्ची ओढून तिच्याजवळच बसायची. मी रोज जाऊन बाईला बघून यायचे. सासू दारात बसून मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने माझा उद्धार करायची. मी ऐकून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी नळी काढली. ताप आठवडाभर राहिला, मग उतरला. महिन्याने ती परत आली, उपाशी, आणि गाठ काढून घेतली.

ती बाई जगली.