लॉकर दोनशे चौदाची तक्रार

उल्हासतीर बँक एका मोठ्या परप्रांतीय बँकेत विलीन होणार हे नक्की झालं, तेव्हा निवृत्त मंडळींनी स्मरणिका काढायचं ठरवलं. सत्त्याऐंशी वर्षांचा इतिहास, जुने फोटो, दिवंगतांची यादी. मुद्रितं तपासायला वासंती उपासनींकडे आली. त्यांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण शुद्धलेखनात त्यांचा हात धरणारं बँकेत कुणी नव्हतं.

वासंतीबाई लाल पेन घेऊन बसल्या. पहिली पानं ठीक होती. ठाण्याचे दोन वकील, कल्याणचा एक भातगिरणीवाला आणि एक मिठागरवाला यांनी मिळून बँक काढली, पहिली कचेरी कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर होती, डोंबिवलीची शाखा चाकरमान्यांसाठी रविवारी उघडी ठेवायची कल्पना कुणाची, वगैरे. बाईंनी दोन वेलांट्या सुधारल्या. पुढे ‘आमच्या सेवा’ हे प्रकरण होतं, लेखक सुधीर देवस्थळी, निवृत्त महाव्यवस्थापक. त्यात लिहिलं होतं : ‘टेंभी नाका शाखेत सुरू झालेली आमची लॉकर सेवा म्हणजे विश्वासाचं दुसरं नाव. आजतागायत या सेवेबद्दल एकही तक्रार आलेली नाही.’

बाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग पेनचं टोपण लावलं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातली फाइल काढायला स्टूल ओढलं.

तक्रार आली होती. त्यांनीच केली होती, शहाण्णव साली.

तेव्हा त्या टेंभी नाका शाखेत लॉकरचं काम बघत. बँकेचं लॉकर एका किल्लीनं उघडत नाही. आधी बँकेची किल्ली फिरवायची, मग गिऱ्हाइकाची. बँकेची किल्ली वासंतीबाईंच्या ताब्यात असे. दोनशे चौदा नंबरचं लॉकर मधुकर खुटवड नावाच्या स्टेशनरीच्या व्यापाऱ्याचं होतं. खुटवड हृदयविकारानं गेले आणि तेराव्याच्या आतच त्यांचा धाकटा भाऊ रघु शाखेत हजर झाला. दुकानाच्या गल्ल्यात सापडलेली किल्ली त्याच्या हातात होती.

वारसदार म्हणून खुटवडांनी बायकोचं, मालनचं नाव लावलेलं होतं. बाईंनी रघुला सांगितलं, "वहिनींना घेऊन या. मृत्यूचा दाखला आणा. पंचांसमोर उघडू."

रघु सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. मॅनेजर होते सुधीर देवस्थळी. रघुच्या ठेवी मोठ्या, आणि दरवर्षी देवीच्या मांडवात देवस्थळींना मानाची खुर्ची मिळे तीही रघुमुळेच. पाच मिनिटांत बाईंना आत बोलावणं आलं.

"उपासनी, यांना उघडून द्या."

"साहेब, वारसदार पत्नी आहे."

"घरातलीच माणसं आहेत ती. उगाच कायदा नका शिकवू."

"मग लेखी द्या मला."

देवस्थळी हसले. लेखी काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बाईंना चेक क्लिअरिंगच्या कामाला मुंबईला फोर्टात पाठवलं. त्या कामाशी त्यांचा कधीच संबंध नव्हता. किल्ली नियमाप्रमाणे मॅनेजरकडे जमा करावी लागली. संध्याकाळी परत आल्या, लॉकरचं रजिस्टर उघडलं, तर सकाळी अकरा वीसची नोंद : लॉकर दोनशे चौदा, रघु खुटवडची सही, आणि बँकेच्या रकान्यात ‘वा. उ.’ अशी बाईंचीच आद्याक्षरं. अकरा वीसला बाई फोर्टात रांगेत उभ्या होत्या.

त्याच रात्री त्यांनी मुख्य कचेरीला तक्रार लिहिली, खाली कार्बन घालून. आठवड्यानं बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, बँकेच्या अब्रूविषयी बरंच बोलले आणि शेवटी ‘गैरसमजातून घडलेला प्रकार’ असा शेरा मारून कागद ठेवून घेतला. पंधरा दिवसांत बाईंची बदली झाली, शीळफाट्याला. टायरच्या दुकानावर दोन खोल्यांची शाखा, दिवसभर ट्रकचा धुरळा, बायकांसाठी संडास नाही. तिथे कुणाला पाठवत हे सगळ्या बँकेला ठाऊक होतं.

बदलीच्या आदल्या दिवशी मालन खुटवड दाखला घेऊन आली. पंचांसमोर लॉकर उघडलं. आत मखमलीची एक रिकामी डबी होती, बाकी काही नाही. मालननं ती डबी उचलली, मिटली. मग वासंतीबाईंच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "ताई, कुणी उघडलेलं हे?"

बाईंच्या नवऱ्याची वागळे इस्टेटमधली कंपनी त्याच वर्षी बंद पडली होती. मुलगा सलिल तिसरीत होता. बाई म्हणाल्या, "मॅनेजरसाहेबांना विचारा."

एवढंच म्हणाल्या. पुढे शीळफाट्याला चार वर्षं काढली, डोंबिवलीला नऊ, शेवटी ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. देवस्थळी वर चढत गेले. समारंभात समोर आले की बाई पाठ फिरवत. बाई फटकळ आहेत, आकसानं वागतात, असं लोक म्हणत. आकस होताच. त्यांनी तो कधी नाकारला नाही.

ती मुद्रितं घेऊन बाई नौपाड्यातल्या स्मरणिकेच्या कचेरीत गेल्या. देवस्थळी आता अठ्ठ्याहत्तरचे होते, पण खुर्चीत बसायची ढब तीच.

"देवस्थळी, हे वाक्य काढावं लागेल." साहेब म्हणायचं बाईंनी निवृत्तीच्या दिवशीच सोडलं होतं.

"कुठलं?"

"लॉकरचं. एकही तक्रार नाही म्हणता. माझी होती."

"उपासनी, तुम्हाला ऱ्हस्वदीर्घ बघायला दिलंय, इतिहास नाही."

बाईंनी कार्बनची प्रत पुढे केली. देवस्थळींनी तिला हातही लावला नाही. "मूळ कागद बँकेच्या कुठल्या फायलीत आहे, दाखवा. नाही ना? मग तो नाहीच. अडतीस वर्षं नोकरी करून एवढंही शिकला नाहीत?"

"माझी सही कुणाकडून करवून घेतलीत?"

"या तुम्ही आता."

"रघु खुटवडनं काय दिलं तुम्हाला?"

"मी म्हटलं, या!" देवस्थळी ओरडले. बाहेर चहा पीत बसलेली मंडळी आत डोकावली. त्यात क्षिप्रा सबनीस होती, बाईंची जुनी सहकारी. जिन्यापर्यंत मागे येऊन ती दबक्या आवाजात म्हणाली, "अगं वासंती, पुरे ना आता. बँकच संपतेय. कशाला मेलेलं उकरतेस?"

"तुला त्रास होतोय का?"

"आम्हा सगळ्यांना होतोय."

"होऊ दे," बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

वाटेत कार्बनच्या प्रतीची झेरॉक्स काढून, घरी न जाता त्या कोपरीला गेल्या. मालनचा पत्ता त्यांना माहीत होता. अठ्ठावीस वर्षांत त्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन परत आल्या होत्या. दार मालननंच उघडलं. साड्यांना फॉल-बिडिंग करून तिनं संसार ओढला होता. आताही मशीनवर अर्धी साडी लावलेली होती.

वासंतीबाईंनी नाव सांगितलं. मालनचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुम्ही? इथे?"

"एक कागद द्यायचा होता."

मालननं तो दारातच उभी राहून वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. आत या म्हणाली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "त्या मॅनेजरनं मला वही दाखवलेली. म्हणाला, बघा, बाईंची सही आहे, त्यांनीच उघडून दिलं, आता त्यांना आम्ही दूर बदलीवर टाकलंय. आजपर्यंत मी तुम्हाला तळतळाट दिला, ठाऊक आहे? रोज. दिवा लावताना."

बाईंना हे माहीत नव्हतं. बदलीही आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली गेली, हे त्यांना त्या उंबऱ्यावर कळलं. त्या म्हणाल्या, "मी नाही उघडलं."

"ते वाचलं मी. पण मी आलेले ना तेव्हा? समोर उभी होते तुमच्या. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तेव्हा हा कागद कुठे होता?"

"पर्समध्ये."

"मग?"

"नोकरी गेली असती."

"माझं सगळंच गेलं," मालन म्हणाली. "माझ्या आईचे तोडे होते त्यात. पोरीला लग्नात खोटे तोडे घालून उभी केली मी. आणि तुम्ही आता पेन्शन खाऊन, सगळं सुरक्षित झाल्यावर, कागद घेऊन आलात. माझ्यासाठी आलात की स्वतःसाठी?"

खोटं सांगायची बाईंना सवय नव्हती आणि खरं उत्तर त्यांना आवडत नव्हतं.

"जे लोक तुम्हाला ओळखतात ना, त्यांच्यापुढे बोला हे," मालन म्हणाली. "माझ्या दारात नको." आणि कागद स्वतःकडे ठेवून तिनं दार लावलं.

स्मरणिकेचं प्रकाशन पुढच्या रविवारी होतं. वाक्य जसंच्या तसं छापलं होतं. मुद्रितशोधक म्हणून बाईंचं नावही होतं. अडीचशे माणसं जमली होती. मनोगतांच्या यादीत ‘महिला कर्मचाऱ्यांच्या वतीने’ म्हणून बाईंचं नाव आधीपासून होतं आणि ते कापायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माइकपाशी गेल्या. सर्वांत मागच्या रांगेत मालन आणि तिची मुलगी रसिका बसलेल्या त्यांना दिसल्या. निरोप बाईंनीच पाठवला होता, येतील असं मात्र वाटलं नव्हतं.

"पान एकोणचाळीसवर एक खोटं वाक्य आहे," बाईंनी सुरुवात केली, आणि तक्रार वाचायला घेतली. तारीख, लॉकरचा नंबर, रघुचं नाव, देवस्थळींचं नाव. तिसऱ्या परिच्छेदाला माइक बंद झाला. बाईंचा आवाज चढला. कुणीतरी ओरडलं, "अहो, बसा खाली!" दुसरा म्हणाला, "शुभकार्यात काय हे!" पहिल्या रांगेतल्या क्षिप्रानं मान खाली घातली. देवस्थळी व्यासपीठावर उठून उभे राहिले होते आणि ‘मानसिक संतुलन’ असं काहीतरी शेजाऱ्याला सांगत होते. बाईंनी शेवटची ओळ वाचली. मग कागद खाली घेऊन म्हणाल्या, "हे मला ठाऊक होतं आणि खुटवडबाई विचारायला आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं नाही. तो दोष देवस्थळींचा नाही, माझा आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. बाई उतरून मधल्या वाटेनं बाहेर आल्या. दोन्ही बाजूंची माणसं गुडघे आत घेत होती, बाईंचा पदर लागेल म्हणून की काय.

बाहेर मालन उभी होती. "ऐकलं," ती म्हणाली. "पण मी काही माफ नाही केलंय तुम्हाला."

"मी मागितलीही नाही."

"बरं झालं," मालन म्हणाली आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

त्याच संध्याकाळी निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाईंना काढून टाकलं. चार दिवसांनी देवस्थळींच्या वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस आली. सलिल पुण्याहून धावत आला. "आई, दोन ओळींची माफी लिही आणि मोकळी हो. या वयात कोर्टकचेरी झेपणार आहे का तुला?" बाईंनी उत्तर स्वतःच्या हातानं लिहिलं : त्या दिवशीचं हजेरीपत्रक आणि लॉकरचं रजिस्टर कोर्टात मागवावं, मी येते. त्यानंतर वकिलाकडून काही आलं नाही. देवस्थळींनीही कधी काही कळवलं नाही. ठाण्यातल्या लग्नकार्यांत आता बाईंच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी राहते.

पावसाळा संपल्यावर रसिकाचा फोन आला. आवाज कोरडा होता. कोपरीतल्या गाळ्यावरून रघु खुटवडशी मायलेकींचा जुना दावा चालू होता, आणि रघुनं लॉकर कसं उघडलं याबद्दल वकिलाला बाईंचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. "याल का? नसेल यायचं तर तसं सांगा."

"तारीख सांग," बाई म्हणाल्या.

ठाणे कोर्टाच्या व्हरांड्यात त्या आणि मालन एकाच बाकावर अडीच तास बसल्या. मधे मालनची पिशवी होती. पुकारा झाला तेव्हा आधी मालन उठली आणि मागे न बघता आत गेली. तिच्यामागून वासंतीबाई गेल्या.