दिवसा पाणी पेतं कोन?

फोन आला तेव्हा मी नांदुऱ्याला झेरॉक्सच्या दुकानात बसलो होतो. माझी बायको कुसुम, तिच्या प्रबंधाला कव्हर चढत होतं. तीन प्रती करायच्या होत्या, दोन झाल्या होत्या. अकोल्याच्या दवाखान्यातून आमची पोरगी रेखा बोलत होती. "बाबा, आई गेली..." एवढंच म्हणाली. दुकानदार हातातली पानं तशीच धरून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला वाटलं, हा म्हातारा आता उठून पळत सुटेल. मी उठलो नाही. तिसरी प्रत होईपर्यंत बसून राहिलो. यावरून लोक मला आजही बोलतात, की बायको गेली अन् हा बाइंडिंग करत बसला. हो, बसलो. काऊन बसलो ते कोणी विचारलं नाही म्हणून इथं लिहितो.

मी चौथी शिकलेला माणूस. जळगाव जामोदकडं आमचं गाव, आठ एकर वावर, कापूस अन् तूर. कुसुम दहावी होऊन माझ्या घरी आली. आधी दहा वर्षं दिवसभर वावरात राबली, मग अंगणवाडीत लागली. सकाळी अंगणवाडी, दुपारून वावर. मधल्या काळात घरी बसून बी.ए. झाली, ते मला निकाल लागल्यावर कळलं. रिटायर झाली तर मी म्हटलं, आता नातवाले खेळव. तर ही म्हणते, मी कॉलेजात नाव टाकलं, आरोग्य संवर्धनाच्या पदव्युत्तर पदवीला.  म्हटलं, "म्हणजे डाक्टरीन होतं का आता?"

"नाही हो. लोकायले डाक्टरकडं जायची पाळीच येऊ नये, त्याचं शिक्षण हाय."

"मंग त्याचं दुकान कसं चालन?"

"चालू नये म्हणूनच शिकून राह्यली."

गावाला तर फुकटचा तमाशा झाला. शेजारचा गुलाब ओट्यावरून ओरडायचा, "काऊन वहिनी, आता कलेक्टर होता का?" ती म्हणायची, "होईन ना! अन् पयले तुह्या घरामागचं डबकं बुजवाले लावीन." तिच्या वर्गातली पोरंपोरी तिला मावशी म्हणत. मोबाइलवर तास चालायचा. पदर खोचून, चष्मा लावून ती चुलीपुढं बसायची अन् मधेच मोठ्यानं म्हणायची, "सर, मले ह्याच्यात शंका हाय." मला तेव्हा लाज वाटायची, बाई माणूस मास्तराला शंका विचारते म्हणून. आज त्या लाजेची लाज वाटते.

प्रबंधाला तिनं विषय घेतला आमच्या भागातल्या खाऱ्या पाण्याचा. इकडं विहिरीचं पाणी खारं, मुतखड्याचे अन् किडनीचे पेशंट जागोजागी. तिला विचारायचं होतं की बाया पाणी कोणतं पितात, कसं साठवतात. फॉर्म घेऊन ती घरोघर फिरली. पण घरात सासू बसलेली, दीर बसलेला. सून काय सांगणार? "सगळं चांगलं हाय ताई." एका महिन्यात सगळ्या फॉर्मांवर एकच उत्तर. मग तिनं अक्कल लढवली. मागच्या वर्षी वेचणी सुरू झाली तसा कापूस टाकायला पोटाला फडक्याचा ओटा बांधला, पेन बुचड्यात खोसला अन् बायांच्या ओळीत, पातीला पात लावून कापूस वेचू लागली. बाई रिकाम्या हाताच्या माणसाशी बोलत नाही, तिचे हात चालू असले की तोंडही चालतं. जिच्याशी बोलायची, तिच्याच गाठोड्यात आपला कापूस टाकायची. तिचे फॉर्म पाहा तुम्ही, सरकीचे डाग अन् बोंडाचे ओरखडे आहेत त्यांवर.

आमच्याच वावरात शांताबाई वेचायला येते. नवरा मेल्याला वीस वर्षं झाली, जिभेला हाड नाही. कुसुमनं तिला विचारलं, "बाई, दिवसा पाणी कोन्तं पेतं, खारं का गोडं?" शांताबाई म्हणाली, "खारं असो का गोडं, दिवसा पाणी पेतं कोन? पेलं तर जाव कुठी?"

झालं. कुसुम वेचता वेचता थांबली. घरी येऊन जुने फॉर्म बाजूला टाकले अन् नवीन प्रश्न लिहिले. सकाळी घरून निघाल्यापासून दिवेलागणीपर्यंत बाया पाणी पीत नाहीत, कारण उघड्या वावरात लघवीला जायला आडोसा नाही, अन् धुऱ्याच्या बांधावर मालक उभा. तिच्या सरांनी म्हटलं, मावशी, अर्धं वर्ष वाया जाईल. ती म्हणाली, जाऊ द्या.

अन् मी? मी चारचौघांत फुशारकी मारायचो की आमच्या वावरातल्या बाया पाण्यालाही मान वर करत नाहीत. माठ भरलेला तसाच राहतो संध्याकाळी, असं अभिमानानं सांगायचो. कुसुम समोरच असायची.

उन्हाळ्यात तिचे पाय सुजले. तपासलं तर दोन्ही किडन्या गेल्याच होत्या म्हणा. डायलिसिस लागलं. एका हातात सुई, दुसऱ्या हातानं लिहायची, घरी आली की रेखा ते कॉम्प्युटरवर उतरवायची. आता डॉक्टरनं तिला दिवसाचं पाणी पेला मोजून दिलं. तहान लागायची, ओठ कोरडे पडायचे, अन् मी पेला हातात धरून नाही म्हणायचो... जन्मभर तिला प्यायला मिळालं नाही अन् शेवटी मीच राखण करत बसलो. डॉक्टर म्हणाले, किडनी एकाच कारणानं जाते असं सांगता येत नाही. तिनंही प्रबंधात तेच लिहिलं, की मी हे सिद्ध केलं असं म्हणत नाही. ती शिकलेली, तिनं मोजून लिहिलं. मी शिकलेलो नाही. मला जे समजायचं ते समजलं.

जायच्या चार दिवस आधी तिनं माझ्या हातात एक सुटं पान दिलं. वर लिहिलं होतं, "उत्तर देणारी स्त्री क्रमांक एक : मी स्वतः." खाली होतं, "लग्नानंतरच्या पहिल्या वेचणीत मी दोन वेळा नाल्याकडे गेले. पती सर्व बायांसमोर म्हणाले, कामाले आली का फिराले? बाया हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी निघण्याआधी पाणी पिणे बंद केले. पुढे तीच सवय झाली."

मला ते आठवतच नव्हतं. बोलणाऱ्याला कुठं आठवतं? मी तापलो. "मले साऱ्या जिल्ह्यात नागवं करतं का?"

"तुमचं नाव नाही लिहिलं. पती लिहिलं."

"तुले काय चार पती हायेत?"

ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "पान तुमच्या हातात देते. लावा, नाही तर नका लावू. पण काढलं तर मले लावलं म्हणून सांगू नका."

आता नांदुऱ्याचं सांगतो. फोन आला तेव्हा ज्या दोन प्रती बांधून झाल्या होत्या, त्यांत ते पान नव्हतं. ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. ती तिकडं मरत होती अन् इकडं मी तिचं पहिलं पान खिशात घालून बसलो होतो. फोन ठेवला अन् पान काढलं. दुकानदाराला म्हटलं, "दोन्ही खोल. याच्या झेरॉक्स काढून तिन्हीत पहिलं लाव." तो म्हणाला, "काका, तुम्ही जा आधी, मी करून ठेवतो." मी म्हटलं, "लाव तू माह्यासमोर." म्हणून बसलो. माझा स्वतःवर भरोसा नव्हता.

तेरवीच्या दिवशी तिचा भाऊ सुधाकर आला, त्यानं प्रत चाळली. मला मांडवाबाहेर नेऊन म्हणाला, "भाऊजी, हे पान फाडा. बाईच्या लघवीच्या गोष्टी कागदावर? वरून तुमची इज्जत. अजून कॉलेजात दिलं नाही, कोनाले समजन?"

मी म्हटलं, "सुधाकर, तुह्या बहिणीनं चाळीस वर्षं लपवलं. मी चाळीस दिवस पण लपवू नाही शकत." अन् मांडवात परत येऊन, पंगत बसलेली असताना, उभ्यानं ते पान वाचलं. अडखळत वाचलं, चौथीच्या पोरासारखं. पुरुषांचे हात पत्रावळीवर थांबले. गुलाब खाली पाहत होता. बायांच्या पंगतीतून शांताबाई म्हणाली, "लय बेस लिहिलं व माय." सुधाकर न जेवता गेला. जाऊ दे.

प्रत घेऊन कॉलेजात गेलो तर बाबू म्हणतो, विद्यार्थिनी हयात नाही, तोंडी परीक्षा होणार नाही, पदवी मिळणार नाही. मी म्हटलं, "पदवी कोन मांगून राह्यलं? तिले आता कुठी नोकरी कराची हाय? ठेवून घ्या अन् वाचा." तिच्या सरांनी आतून येऊन दोन्ही हातांनी प्रत घेतली. लोक म्हणतात, शिक्षण अर्धवट राहिलं बिचारीचं. तिचं काही अर्धवट राहिलं नाही. राहिलं ते आमचं.

मागच्या आठवड्यात वेचणी लागली. पहिल्या वेचणीला घरच्या सवाष्णीनं वावरात दहीभाताचा निवद दाखवायचा, आमच्याकडं त्याला सीतादही म्हणतात. यंदा घरात कोणी नाही, रेखा तिच्या सासरी. भावकी म्हणाली, गुलाबची बायको करेल. मी शांताबाईला म्हटलं, तू कर. ती मागं सरली, "मी रांडमुंड बाई, भाऊ." म्हटलं, "अन् मी कोन हाय मंग? मीही तसाच हाय ना. कर." तिनं केलं. निंबाजवळ मी टिनाचा आडोसा उभा केला आहे, दाराला आतून कडी. गुलाबनं विचारलं, "वावरात संडास बांधून राह्यला का बे?" म्हटलं, "हाव. तुह्याही वावरात बांध, नाही तर मी येतो सांगाले."

बायांनी पाती धरल्या तेव्हा मधली एक पात कोणीच धरली नाही. मागच्या वर्षी तिथं कुसुम चालायची. मी ओटा बांधला अन् ती पात धरली. माझा हात काही चालत नाही, मागं पडतो, बाया हसतात. हसू द्या. ऊन चढलं तसा मी माठाकडं गेलो, गडवा भरून एकेकीपुढं धरला. गुलाबची नवी सून नको म्हणत होती, मी समोरून हललो नाही. ती प्यायली. मी पाठ फिरवून वेचू लागलो. मागून शांताबाई ओरडली, "भाऊ, इतकं पाणी पाजसान तर कापूस कवा वेचाव?"

म्हटलं, "पे ना व माय. कापूस कुठी पळून जात नाही."