यमुनेचं मौन आणि बोरचा झरना

श्रावण सोमवारची कहाणी वाचायला आम्ही बायका बसतो खऱ्या, पण पोथी उघडायच्या आधीच कोणीतरी म्हणतं, "थे झरन्याची गोष्ट सांग नं!" मग काय! पोथी पाटावर आणि आम्ही जंगलात! देवाची फुलं विसर्जित करता येतात हो, पण या गोष्टींचं काय करावं? साचतच जातात.

सेलूत टीव्ही यायच्या आधीची ही हकिकत. दर श्रावणात एका सोमवारी आम्ही पाच-सहा जणी एस.टी.नं हिंगणीला उतरायचो. तिथून बोरच्या जंगलात, डोंगरातल्या झरन्यापर्यंत पायी. नेम असा की, झरन्याचं पाणी तांब्यात भरलं की हिंगणीबाहेरच्या महादेवाच्या पिंडीवर घालेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की त्या वर्षीचा नवस बुडाला, पुढच्या श्रावणात पुन्हा चढा!

माझा नवस लहानसा होता, पहिल्याच वर्षी फिटला. पण पायांना झरन्याची गोडी लागली, ती सुटेना. नवस खरा होता तो आमच्या गल्लीतल्या यमुनेचा. महालक्ष्म्यांच्या जेवणावळीत ती पाहुण्यांसमोर बोलून गेली, "आत्याबाईच्या आंबिलीत मीठ नाई!" झालं. सासूनं, म्हणजे गयाबाईंनी, जो अबोला धरला तो धरला. चहा हवा असला तर गाईला सांगायच्या, "सांग वं त्या बाईले, चहा ठेव म्हना!" गाय बिचारी रवंथ करायची आणि यमुना चहा ठेवायची. सासूनं एकदा तरी आपल्याशी बोलावं, एवढंच यमुनेचं मागणं.

आणि नवस काय, तर मौनाचा! तोही यमुनेनं! जी झोपेतही बोलायची!

*

यमुनेच्या पहिल्या वर्षी परतताना नाकेदार आडवा आला. जंगलखात्याचा माणूस, नवा होता. "कुठून आल्या? तांब्यात काय हाये?" आम्ही सगळ्या चूप. कोणी आभाळाकडे बोट दाखवलं, कोणी हात जोडले. त्याचा संशय वाढला. "मोहाची दारू तर नाई नं?" म्हणत तो तांब्याचा वास घ्यायला वाकला.

यमुनेला हे सहन होईना. "अरे भाऊ, महादेवाचं पाणी हाये थे! आमचं मौन हाये, आमी बोलत नसतो!"

नाकेदार म्हणाला, "हे पयलेच सांगाचं नं बाई!"

*

दुसऱ्या वर्षी आमच्या यजमानांना हुरूप आला. "बायका जातात, आमी काऊन नाई?" खांद्याला ट्रान्झिस्टर लटकवून दोघे-तिघे निघाले. आम्ही निर्जळी. त्यांनी पहिल्या चढावर चिवडा संपवला, दुसऱ्या चढावर पुरी-भाजी, आणि तिसऱ्या चढावर आडवे झाले.

आम्ही झरन्यावरून तांबे भरून परतलो तर हे तिथंच, मोहाखाली. आमचे यजमान डोळे न उघडता म्हणाले, "उपास फार कठीन असते बाई!"

खुदकन हसलो सगळ्या. यमुना मात्र म्हणाली, "भाऊजी, उपास कोनाचा होता?" गेलं तेही वर्ष!

*

तिसऱ्या वर्षी शेजारच्या लीलाताई आल्या. शाळेत मास्तरीण, घर बौद्ध. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "नवस मी मानत नाई. झरना मानते." आम्ही म्हटलं, बरंच झालं. वाटेत कोणी काही विचारलं तर आमच्या वतीनं तुम्हीच बोला!

परतताना वारुळापाशी अस्वल! पाठमोरं, माती उकरत बसलेलं. आम्ही मौनात, थिजून उभ्या. सगळ्यांनी लीलाताईंकडे पाहिलं. आता याच ओरडतील, याच काहीतरी करतील. तर ज्यांना बोलायची मोकळीक होती, नेमकी त्यांचीच वाचा बसली!

अस्वलानं वळून पाहिलं, फुस्स केलं आणि झुडपात गेलं. मग यमुना सुस्कारा टाकत म्हणाली, "गेलं वं माय!"

लीलाताई घरी पोचल्यावर बोलल्या. पहिलं वाक्य, "पुढच्या वर्षी कधी जायचं?"

*

चौथ्या वर्षी पावसानं ताण दिला. झरन्याला करंगळीएवढी धार. तांबे रांगेत मांडले, नळावर घागरी लावतात तसे. आणि सवयच ती, नंबरावरून भांडण सुरू! तांब्या भरला की भांडण अर्धवट सोडून ती बाई मुकी व्हायची. यमुनेचा तांब्या भरला तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यावर होतं. ते तिनं पुरं केलं.

घरी जाताना एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली. "मले नाई जमत वं," एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "महादेव भोळा आहे यमुने, त्याला घाई नसते."

*

पाचव्या वर्षी आम्ही स्टँडवर जमलो, तर यमुनेच्या मागे गयाबाई! हातात तांब्या. कोणी काही विचारायच्या आत त्या एस.टी.च्या टायरकडे पाहून म्हणाल्या, "मलेबी पाहाचा हाये झरना."

त्या वर्षी झरना असा कोसळत होता की तुषारांनी बोलणारीचं तोंड भरावं! गयाबाईंनी डोळे मिटून हात जोडले, आपला तांब्या भरला आणि ओठ मिटून सुनेच्या मागे चालू लागल्या.

नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावर यमुनेचा पाय सटकला. एक गुडघा पाण्यात, तांब्या कलला, आणि तोंड उघडलं. झालं, आता किंचाळते ही! आम्ही डोळेच मिटले.

"बोलू नको वं यमुने! तोंड मीट! पानी सांभाळ!"

गयाबाई! यमुनेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तांब्या छातीशी धरला आणि उठली. गयाबाईंनी आपल्या तांब्यातलं पाणी तिथंच नाल्यात ओतलं आणि सुनेचा दंड धरला.

मग जे सुरू झालं! गोठ्यातली गाय, नागपूरची नणंद, गुडघ्याचं दुखणं, जळलेलं दूध, पाच वर्षांचं सगळं! यमुनेच्या डोळ्यांतून धारा, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

पळसाच्या वळणावर गयाबाई एकदम थांबल्या.

"काऊन वं? मी कवापासून बोलून राह्यली, अन् तू एक शब्द नाई बोलत! राग हाये का माह्यावर?"

महादेव अजून अर्धा कोस होता!