गोठवलेलं वाक्य

आम्ही काही जण हौसेने एक सॉफ्टवेअर सांभाळतो, कोणीही फुकट वापरावं असं. नवी आवृत्ती येण्याआधी त्यातला मूळ इंग्रजी मजकूर गोठवतात, त्यात मग कोणी बदल करायचा नाही, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना निवांत काम करता येतं.

काल त्यातलं एक वाक्य खटकलं. फाइल उघडली नाही, की ते वापरणाऱ्यालाच झापतं, ‘तुम्ही चुकीची फाइल दिलीत.’ आवृत्तीचं काम बघणाऱ्या वैशालीताईंना म्हटलं, “एवढं एकच बदलू द्या.”

“आता नाही हं,” त्या म्हणाल्या. “तुमचं एक वाक्य, पण सगळ्या भाषांतली माणसं पुन्हा कामाला लागतील.”

चरफडत मी इतर भाषांतरं चाळली. हिंदीत आधी माफी मागितली होती. गुजरातीत नुसतंच, फाइल उघडता आली नाही. मराठीत मीच कधीतरी लिहून गेलो होतो, ‘ही उघडत नाहीये, दुसरी देऊन बघा.’ कोणी कोणाला विचारलं नव्हतं, तरी प्रत्येकाने ते झापणं मऊ केलं होतं. कोर्टाची नोटीस घेऊन आलेला माणूसही दारात ती जरा हळू आवाजातच वाचतो.

मूळ वाक्य तसंच राहिलं. पुढच्या आवृत्तीपर्यंत झापून घ्यायला उरले फक्त इंग्रजी वाचणारे.