पुंजारामभाऊंचा डावा हात

मालनवहिनी मत्सरी बाई होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शेजारीण म्हणून मी झाकलं असं कुणीतरी म्हणायचं. जुन्या जालन्यात आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती, त्यामुळे झाकण्यासारखं काही उरलंही नव्हतं. आमच्याकडे नवी साडी आली की वहिनीचा अबोला ठरलेला. माझ्या लोणच्याला कुणी चांगलं म्हटलं की तिला त्यात मीठ जास्त लागायचं. पण कामाला तिच्यासारखी बाई सगळ्या गल्लीत नव्हती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचे मालक पुंजारामभाऊ मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालांचे मुकादम होते. अंगाने दांडगे, आवाजाने त्याहून दांडगे. नवरा-बायकोचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा भाऊंना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं, आता सगळं घरच्यांच्या हातात आहे.

वहिनीने ते मनावर घेतलं. सकाळी उठल्यापासून तिचे हात थांबत नसत. अंग पुसायचं, कूस बदलायची, धोतर बदलायचं, चादरी उकळत्या पाण्यात टाकायच्या. खाटेला वास म्हणून नाही. भिंतीला लावलेल्या त्या खाटेवर ती भाऊंना असं झर्रकन उलटं करी की मला नुसतं बघून दम लागायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती त्यांच्या देखतच सांगायची, ‘आज यांना परसाकडं झाली न्हाई, रात्री यांनी बिलकुल झोपू दिलं न्हाई.’ भाऊ छताकडे बघत पडलेले असत.

एवढं करूनही पाठीला जखम झालीच. आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन बेबीनंदा नावाची सिस्टर राहायची. मंठ्याकडच्या एका बौद्ध मास्तरांची मुलगी, सरकारी दवाखान्यात नोकरीला. ड्यूटीवरून परतताना ती भाऊंची पट्टी बदलून जाऊ लागली. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला ती काही खास वाटली नाही. हात वहिनीपेक्षा कितीतरी हळू.

त्या दिवशी वहिनीने तक्रार केली की हे जेवत नाहीत, तोंड घट्ट मिटून घेतात. सिस्टरने खाट भिंतीपासून ओढली. भाऊंचं चांगलं अंग, डावं, भिंतीकडे होतं. त्या बाजूला ती खाली जमिनीवर बसली. ताकातल्या कण्यांची वाटी त्यांना दिसेल अशी धरली आणि म्हणाली, “काका, भरवू का? हो असलं तर माझा हात दाबा. नको असलं तर सोडून द्या.” मग ती नुसती थांबली. आम्ही दोघी अवघडून उभ्या. बऱ्याच वेळाने भाऊंनी तिचा हात दाबला, आणि वाटी संपली. वर सिस्टर काहीतरी मोंढ्याचं विचारत होती, तर भाऊंचा अर्धा चेहरा चक्क हसला.

वहिनीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. तिच्या खाटेची जागा बदलली होती, तिच्या नवऱ्याचा हात एका परक्या बाईच्या हातात होता, आणि तो हसत होता. आजारपण आल्यापासून वहिनीला त्याने एकदाही हसून दाखवलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की भाऊंचे डोळे दाराकडे. वहिनी दिवसभर राबायची आणि ते वाट बघायचे दुसरीची. गल्लीतल्या बायका तिला सिस्टरवरून चिडवायच्या, सवत आली का गं, म्हणून. वहिनी वरवर हसायची आणि आत येऊन भांडी आपटायची. मला तर सिस्टरचा रागच यायचा. घाण काढायची वहिनीने, आणि कौतुक हिचं? भाऊंचाही यायचा. लकवा झाला म्हणून माणसाला इतकंही कळू नये?

एका संध्याकाळी वहिनी दारातच आडवी उभी राहिली. सिस्टरला म्हणाली, उद्यापासून येऊ नका, पट्टी मला जमते, पाहून पाहून शिकले. सिस्टरने कारण विचारलं नाही. काढलेली चप्पल पुन्हा घालता घालता थांबली.

“मावशी, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त तुम्ही करता. फक्त करायच्या आधी त्यांना सांगत न्हाई. चमचा एकदम तोंडाशी येतो, अंग एकदम उलटं होतं. कोनालाबी भेव वाटंल.”

“माझ्या नवऱ्याचं मला कळतं,” वहिनी म्हणाली.

सिस्टर गेली, आणि भाऊंनी तोंड मिटलं. वहिनी चमचा पुढे करी, ते ओठ आवळून घेत. कण्या हनुवटीवरून गळ्यात उतरत. तिने जबरदस्ती केली, विनवलं, एकदा तर हातातली वाटी भिंतीवर फेकली. भाऊंचे गाल बसत चालले, पट्टी बदलताना बरगड्या दिसू लागल्या. मी म्हटलं, वहिनी, हट्ट सोड, बोलाव तिला. तशी ती माझ्यावरच उसळली.

“तिच्या हातनं खाल्लं, आन माझ्या हातनं मरायला निघाले. तिला बोलावलं तर मंग मी या घरात कोन हाये?”

मी घरी आले आणि स्वयंपाकाला लागले, पण माझं लक्ष भिंतीपलीकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने मला हाक मारली. गेले तर खाट पुन्हा भिंतीपासून ओढलेली. वहिनी भाऊंच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसलेली, शेजारी कढत पाण्याचं घमेलं आणि फडकं. परक्यासमोर नवऱ्याचा हात धरायची तिला सवय नव्हती. पदर पुढे ओढून तिने तो धरला. मला वाटतं, एकटीने विचारायची लाज वाटली म्हणूनच तिने मला बोलावलं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “आंग पुसू का? पुसू म्हनत असाल तर हात दाबा.”

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. वहिनीचा दुसरा हात सवयीने फडक्याकडे गेला, तो तिने मागे घेतला. पाण्याची वाफ कमी होत गेली. थांबणं तिला किती जड जात होतं ते तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. आणि मग भाऊंनी आपला हात हळूच तिच्या मुठीतून काढून घेतला.

आता ही काय करते, म्हणून मी बघत उभी. ती म्हणाली, “बरं. राहू द्या.” आणि खरोखरच तिने घमेलं बाजूला सरकवलं. सबंध आजारपणात तिने टाकलेलं ते पहिलं काम असेल. पाणी निवत होतं आणि ती तशीच त्यांच्याजवळ बसली होती. थोड्या वेळाने तिने कण्यांचं विचारलं. या वेळी भाऊंनी हात दाबला. अर्धी वाटी खाल्ली, प्रत्येक चमच्याला वहिनी थांबत होती आणि ते तोंड उघडत होते.

वाटी धुवायला ती बाहेर आली, मी तिच्या मागे. मला वाटलं, आता ही सिस्टरचं नाव काढील, निदान चूक झाली म्हणील. वहिनी कसली म्हणते. तिने वाटी घासली, विसळली, मग मान वर केली.

“गिरजा, खरं सांग. सिस्टरनं इचारलं तव्हा हे कदी नको म्हनले का?”

मी आठवून पाहिलं. सिस्टरने जे जे विचारलं त्याला भाऊंनी हात दाबलाच होता.

“न्हाई,” मी म्हटलं.

“मला म्हनले. नको म्हनायला मानूस घरचंच लागतं,” वहिनी म्हणाली. पदराने हात पुसत ती घरात गेली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो तोरा पाहून मला पहिल्यांदा तिचा हेवा वाटला.