चार बोटांची जागा

फटफटी बैलगाडीत घालून परत आली. गुरांचे डॉक्टरसाहेब गाडीवानाच्या शेजारी बसले होते. कोट काळ्या चिखलानं माखलेला, डाव्या गालाला खरचटलेलं. मी दाराआड उभी होते. साहेब खाली उतरले आणि मालकांना म्हणाले, "देखो जी, तुम्हारी औरत का बांधा हुआ पहिया. चलते चलते जाम हो गया. मैं सर के बल गिरा."

मालक म्हणजे माझे यजमान. त्यांनी हात जोडले. "साहेब, चूक झाली. ह्याच्या पुढं बाईमाणसाचा हात चाकाला लागणार न्हाई."

कुणी वाकून चाकाकडे बघितलं नव्हतं. तरी निकाल लागला होता. ते वाक्य आठवलं की आजही माझं अंग तापतं. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

लातुरात गंजाच्या, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेच्या, मागं आमचं घर. अंगणातच कारखाना. मामा, म्हणजे माझे सासरे, बैलगाडीची चाकं करायचे. मालकांनी सायकली आणि मोटारी दुरुस्त करायला सुरुवात केली. मी नांदेडची, चौथीपर्यंत शाळा. परक्या माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण लग्नानंतर दोन वर्षांत सायकलचं चाक बांधायचं काम माझ्याकडे आलं, ते मी मागितलं म्हणून नाही. मालकांचा हात जड. तारेच्या टोकाला पितळेची बारीक टोपी असते, तिला निपल म्हणतात. मालक ती पिळून तोडायचे. माझ्या हातून तुटत नसे.

चाक बांधणं म्हणजे काय, तर मधला हब आणि बाहेरची रिम तारांनी जोडायची. निपल आवळला की तार रिमला आपल्याकडे ओढते. एक तार जास्त ओढली तर रिम त्या बाजूला झुकते. त्याला आऊट म्हणतात. आऊट काढताना मी चाक फिरवते आणि रिमच्या जवळ खडू धरते. रिम जिथं बाहेर आली असेल तिथं पांढरं उमटतं. मग विरुद्ध बाजूची तार पाव फेरा आवळायची. तार बोटानं वाजवून बघायची. सगळ्या सारख्या वाजल्या की चाक झालं.

जर्मनीची मोठी लढाई संपली तेव्हा मिलिटरीच्या जुन्या फटफट्या लिलावात निघाल्या होत्या. डॉक्टरसाहेब हैदराबादेहून बदलून आलेले. औशाच्या पलीकडची खेडी त्यांच्याकडे होती. पावसाळ्यात गुरांत बुळकांडीची साथ यायची आणि नेमकं तेव्हाच काळ्या रानातून वाट नसायची. साहेबांनी दोन मोडक्या फटफट्या घेतल्या आणि आमच्या अंगणात आणून टाकल्या.

"दोनों की मिलाके एक करो," ते म्हणाले. "रस्त्याची नक्को. खेत में चलना."

एकीचं इंजिन चांगलं होतं, दुसरीची चौकट. मालकांनी मागचं दातेरी चक्र मोठं बसवलं. त्यानं पळणं कमी होतं, ओढ वाढते. सायलेन्सर वळवून सीटच्या उंचीला नेला, ओढ्याचं पाणी आत जाऊ नये म्हणून. इंजिनाच्या पोटाखाली दगड लागू नये म्हणून मामांनी बैलगाडीची जुनी धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, तापवून वाकवून बसवली. काम सुंदर झालं होतं. ते मी नाकारत नाही.

पुढचं चाक माझ्याकडे आलं. हब एका गाडीचा, रिम दुसऱ्या गाडीची. तयार तारा बसेनात. चाळीस तारा एकेक मापून कापल्या, मालकांनी त्यांना आटे पाडून दिले, मी बांधल्या. तिसऱ्या दिवशी आऊट पूर्ण निघाला.

मडगार्ड बसवताना मी म्हणाले, "टायरच्या वर चार बोटं जागा सोडा."

"कशाला?" मालक म्हणाले.

मामा बाजेवर बसून तंबाखू मळत होते. ते मालकांना म्हणाले, "पावसात रानात जाताना तू चप्पल कुठं ठेवतूस?"

"हातात."

"का?"

"चिखल चिकटून पायाचं उखळ हुतंय म्हणून."

"मग फटफटीच्या पायाला चप्पल कशाला घालतूस? ती म्हणतीया ते ऐक."

मालकांनी ऐकलं. चार बोटं जागा सोडून मडगार्ड बसवला. दुसऱ्या दिवशी साहेब बघायला आले. मी पडवीत मागचं चाक मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मला बघितलं. मग मडगार्डकडे बघून हसले. "ये क्या जी, छत्री लगाए? चिखल उडून माझ्या तोंडावर येईल. सरकारी आदमी गाव में ऐसा जाता? नीचे करो, जाहिरातीतल्या चित्रासारखा."

साहेब गेल्यावर मालकांनी पाना घेतला.

मी म्हणाले, "जाम हुईल."

"साहेबाची गाडी हाय. साहेबाच्या मनासारखी."

मडगार्ड टायरपासून एका बोटावर आला. चार दिवसांनी फटफटी बैलगाडीतून परत आली, ती अशी.

आता पुन्हा त्या दिवसाकडे येते. मालकांचे हात जोडलेलेच होते. मामा उठले. "साहेब, चाक फिरवून तरी बघू."

"क्या देखना? फिरतच नाही."

"का फिरत न्हाई ते बघू की."

कुणी हललं नाही. मला वाटलं, आता ही गाडी कोपऱ्यात जाईल, चिखल वाळून झडून जाईल, आणि लातूरभर एवढंच राहील की बाईनं चाक बांधलं आणि साहेब पडले. माझी निपल पिळायची चावी, माझा खडू, सगळं फळीवर जाऊन बसेल. चूल तर होतीच. चूल कुणी काढून घेत नाही.

मी पदर घट्ट घेतला, वळचणीतलं खुरपं काढलं आणि अंगणात आले.

"आत जा," मालक दबक्या आवाजात म्हणाले.

मी गेले नाही. चाकाजवळ बसले आणि मडगार्डखाली खुरपं घातलं. चिखल वाळून कडक झाला होता, आत गवताच्या काड्या. भिंत लिंपायला मळतात तसा. कडेकडेनं मोकळा केला तेव्हा हातभर लांबीचा एकच तुकडा सुटून आला. वरून मडगार्डसारखा गोल, आतून टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली. कौल म्हणून घरावर घालावा असा. तो मी साहेबांच्या पायाजवळ ठेवला.

गाडीवानानं वाकून तो तुकडा बघितला. तो म्हणाला, "आमच्या चाकाला पत्रा न्हाई, साहेब. असता तर मी आन् बैलंबी तुमच्या शेजारीच पडलो असतो. मग आणायला कोण आलं असतं?"

मामा खोकले. ते हसले होते.

राहिलेला चिखल काढला. पुढचा भाग उचलून मामांनी खाली लाकूड दिलं. मी चाकाला हातानं एक फेरा दिला. फिरलं. फिरतच राहिलं. मग कनवटीचा खडू काढला, हात फोर्कला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, टेकवला आणि रिमपासून दोऱ्याएवढ्या अंतरावर खडू धरला. चाक थांबेपर्यंत रिमला पांढरं लागलं नाही.

साहेब खाली बसले. मला वाटलं रागावतील. त्यांनी हात पुढं केला. मी खडू जमिनीवर ठेवला, तो त्यांनी उचलला.

"फिर घुमाओ."

मी फिरवलं. ते स्वतः खडू धरून बसले. एवढा मोठा माणूस डोक्यावर आपटला होता, तरी चाक दोऱ्याभरही हललं नव्हतं. साहेबांनी एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"पहिया ठीक है," ते उठून म्हणाले. मला नाही, मालकांना. "मग मडगार्ड कोणी खाली केला?"

मालक जमिनीकडे बघत राहिले. मामा तंबाखू शोधू लागले. दोष माझा होता तोवर सगळ्यांच्या तोंडी माझं नाव येत होतं. आता खाली करायला सांगणाऱ्याचं नाव कुणालाच आठवेना.

मडगार्ड वर गेला, चार बोटं. साहेबांच्या तोंडावर चिखल उडत राहिला आणि साहेब गावोगाव पोचत राहिले. पावसाळा सरल्यावर त्यांनी उर्दूत एक कागद लिहून पाठवला. मालकांना उर्दू येतं. त्यांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला. लातूरचे मिस्त्री आणि त्यांचे वालिद, म्हणजे मामा, यांनी कमालीच्या हुनरानं गाडी बनवली, असं त्यात होतं. गाडीवानाचंसुद्धा नाव होतं, वेळेवर मदत केल्याबद्दल.

मालकांनी कागदाला काचेची चौकट करवली. त्या दिवसापासून मी चाक बांधलं नाही, एवढंच. मुरुडचे एक किराणा दुकानदार आप्पा सायकलचं चाक टाकून गेले होते. ते चाक, तारांची जुडी आणि माझी चावी मी त्या चौकटीखाली नीट मांडून ठेवली.

पहिल्या दिवशी मालक म्हणाले, "काय करायलीस? चाक तसंच हाय."

"साहेबांपुढं तुमी शब्द दिलाय," मी म्हणाले. "बाईमाणसाचा हात लागणार न्हाई म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बांधायला घेतलं. सात निपल तोडले. तिसऱ्या दिवशी आप्पा आले. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"मिस्त्री, झालं का चाक?"

"न्हाई आप्पा." मालकांनी पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "चाक मी बांधत न्हाई. बायकू बांधती. साहेबांच्या फटफटीचंबी तिनंच बांधलंय. चालत असंल तर ठिवा."

"फिरतं का नीट?"

"फिरतं."

"मग मला कशाला सांगायलाव? उद्या येतो."

मी हात धुतले आणि चावी घेतली.

काचेतला कागद अजून भिंतीवर आहे. तो बदलून आणा असं मी म्हटलं नाही. त्याच्याखाली कोळशानं चार बोटं लांबीची एक रेघ ओढून ठेवली आहे, मडगार्डची उंची मापायला. काळ्या रानात गाडी जाणार असेल तर टायरच्या वर चार बोटं जागा सोडावी, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. ही चार बोटं मिस्त्रीच्या हाताची. माझी बोटं बारीक आहेत, मी पाच धरते.