मावशींचा न भरलेला अर्ज

साताऱ्याच्या एका कॉलेजात मी वाणिज्य शिकवते. काही वर्षांपूर्वी तिथल्याच चर्चासत्रात मी एक निबंध वाचला. धंदा बुडाला की कोणत्या देशात येणेकऱ्यांच्या हाती किती लागतं, हा विषय. जपान, इंग्लंड, ब्राझील, आपण. पडद्यावर रंगीत तक्ता होता आणि मी अगदी ठासून बोलत होते.

शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांचे पैसे यात धरलेत का?"

"नाही. दावा दाखल केला तरच तो माणूस मोजला जातो," मी म्हणाले. ती बसली. मी पडद्यावरचा तक्ता बंद केला.

माझ्या सख्ख्या भावाचा पलूसजवळचा फाउंड्रीचा कारखाना असाच दिवाळखोरीत गेला होता. कामगारांचं जेवण कुंडलच्या एक मावशी पुरवायच्या. त्यांचं आठ महिन्यांचं बिल राहिलं होतं. येणेकऱ्यांनी अमुक तारखेच्या आत दावे द्यावेत, ही जाहीर सूचना मी पेपरात वाचली होती. मावशींना वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. सुट्टीत भावाकडे गेले की त्यांच्याच हातची भाकरी मी खायचे. एक फोन पुरला असता. पण भाऊ म्हणाला, "आता कुणाला जागं करत बसू नकोस. सगळे दारात येतील." मी पेपराची घडी घालून ठेवली.

चर्चासत्रानंतरच्या रविवारी मी कुंडलला गेले. मावशी ओसरीवर मेथी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"त्यो फारम आता भरता येतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. कारखाना विकला गेला. बँकेचेसुद्धा पुरते फिटले नाहीत."

"मग आता कशाला सांगाय आलाय, ताई?"

"अर्ज केला असता तरी फार काही मिळालं नसतं," मी पुटपुटले. हे माझ्या निबंधातलंच वाक्य होतं.

"थोडं तर थोडं," त्या म्हणाल्या. "किराणावाल्याचं मी समदं भागवलं. पाटल्या मोडल्या."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग म्हणाले, "तुमचे पैसे मी देते. दर महिन्याला थोडे थोडे."

"द्या," त्या लगेच म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "का वं, मी नगं म्हणंल आसं वाटलं हुतं?"

वाटलं होतं. मनातल्या मनात मी त्यांचा नकार ऐकला होता, वर चहा घेऊन मोकळी होऊन परतलेही होते. मी पायरीवर बसले आणि पहिल्या हप्त्याचे पैसे मोजून दिले. त्यांनी ते पुन्हा मोजले.

सगळं फिटायला दोन वर्षं लागली. भावाला मी अजून काही सांगितलेलं नाही. ऐकून तो मला मोठ्या मनाची म्हणेल, आणि ते मला ऐकवणार नाही.